ओमेका एस बसवताना मॉड्यूल अडतं ते इथे

नागपुरातल्या एखाद्या वाचनालयाच्या जुन्या अंकांची सूची वेबवर न्यायची तर ओमेका एस हे संग्रह वेबवर मांडायचं सॉफ्टवेअर बरं पडतं. कॉन्फिग फोल्डरमधल्या डेटाबेस.आयएनआय फाइलीत युजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव आणि होस्ट भरा. 'फाइल्स' फोल्डरला वेब सर्व्हरची लिहिण्याची परवानगी द्या. मुखपृष्ठ उघडतं पण बाकी पानं ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', देतात? अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'अलाऊओव्हरराइड ऑल' लिहायचं बहुधा राहिलंय.

खरी डोकेदुखी मॉड्यूलची, म्हणजे ओमेकाला वरून जोडायच्या पुरवणी भागांची. गिटहबवरून सोर्स कोड नको, रिलीजची झिपच घ्या. सोर्समध्ये व्हेंडर फोल्डर, म्हणजे मॉड्यूलला लागणारा इतरांचा कोड, बहुधा नसतं. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीतून सूची आत घेणाऱ्या मॉड्यूलच्या फोल्डरचं नाव नेमकं 'सीएसव्हीइम्पोर्ट' (CSVImport) हवं. मागे '-मास्टर' चिकटलं की मॉड्यूल चालत नाही.

इम्पोर्ट नुसतं 'स्टार्टिंग'वर अडकलं, तर लोकल कॉन्फिग फाइलीत पीएचपी-सीएलआयचा, म्हणजे ओमेका ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमचा, पूर्ण पाथ लिहा. शेअर्ड होस्टिंगवर हे हमखास होतं. पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी आणि पोस्टची ८ एमबी असते. स्कॅनसाठी दोन्ही वाढवा, पोस्टची जास्त ठेवा.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर 'सीताबर्डी'च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. प्रश्नचिन्हं एकदा जतन झाली की त्या फाइलीतून अक्षरं परत येत नाहीत.