सुंतेचा ट्रे लावताना

सगळ्यात आधी बाळाकडे बघा, हत्यारांकडे नंतर. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर तिथेच थांबायचं, कारण पुढे दुरुस्तीच्या ऑपरेशनला सुंतेत कापली जाणारी हीच कातडी लागते. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालंय का आणि घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, हे आईवडिलांना स्वतः विचारा. फाईलमध्ये लिहिलेलं असलं तरी विचारा.

गोमको क्लॅम्प (कातडी दाबून धरणारं धातूचं हत्यार) वापरणार असाल तर तो ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, जाण्याआधीच जोडून बघा. बेल (शिश्नाच्या टोकावर बसणारी घंटेसारखी टोपी), प्लेट, आर्म आणि नट हे चारही एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे हवेत. धुताना दोन सेटचे भाग एका भांड्यात पडतात, मग १.३ सेंटीमीटरची बेल १.४५ च्या प्लेटमध्ये बसल्यासारखी वाटते. पण कडेने फट राहते, कातडी नीट दाबली जात नाही आणि कापल्यावर रक्त वाहतं. जुळत नसलेल्या भागांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००० सालीच इशारा दिला होता. नट आवळा, क्लॅम्प दिव्यासमोर धरा. कडेने उजेडाची रेघ दिसली, आर्म वाकलेला वाटला किंवा प्लेटला खाच लागली, तर तो सेट बाद. घाईत ‘चालेल’ म्हणू नका.

मोगेन या दुसऱ्या प्रकारच्या क्लॅम्पमध्ये आत बेल नसते, म्हणून त्याचा जबडा ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नये. जास्त उघडला तर शिश्नाचं टोक आत सापडू शकतं. हे माप पट्टी लावूनच घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका. प्लास्टिबेल (कातडीखाली बसवून तिथेच ठेवायची प्लास्टिकची रिंग) असेल तर जवळची दोन-तीन मापं हाताशी ठेवा: रिंग मोठी झाली तर मागे सरकते, लहान झाली तर आवळते. रिंग साधारण आठवड्याभरात आपोआप पडते. ती ओढायची नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

भुलेसाठी लिग्नोकेन साधं घ्या, अ‍ॅड्रेनलिनवालं नाही. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, त्यामुळे लेबल मोठ्याने वाचा आणि डोस बाळाच्या वजनावरून काढा. धातूचा क्लॅम्प लागलेला असताना कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवायचं यंत्र) लावली तर करंट क्लॅम्पमधून पसरून सगळं शिश्न भाजू शकतं, म्हणून ती टेबलावर ठेवूच नका.

गॉझ, व्हॅसलिन, साखरेचं पाणी ही नेहमीची तयारी. टाक्यांसाठी विरघळणारा बारीक धागा आणि नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) मात्र ट्रेमध्येच ठेवा, कपाटात नको.