महिला व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास मैदानावर कसा शिकवावा

मुंबईत क्रिकेट खेळणाऱ्या शाळकरी मुलींना महिला प्रीमियर लीग चांगलीच ठाऊक आहे. 2023 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई इंडियन्सने जिंकलेला पहिला अंतिम सामना त्यांपैकी अनेकींनी पाहिलेला असतो. खेळण्यासाठी बाईला पगार मिळणे त्यांना स्वाभाविक वाटते. म्हणूनच अमेरिकेत 1943 मध्ये महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग उभी राहिली, बारा हंगाम चालली आणि बंद पडली, हा इतिहास त्यांना आवर्जून सांगावा. क्रीडाशिक्षकांनी त्यासाठी दीड तास राखून ठेवावा आणि 100 फुटांची मोजपट्टी, फक्की, एक सीझन बॉल व एक सॉफ्टबॉल सोबत घ्यावा.

सांगण्याची सुरुवात मात्र 1943 पासून करू नये, कारण त्याआधीही स्त्रिया पैसे घेऊन बेसबॉल खेळत होत्या. 1890 च्या दशकापासून ‘ब्लूमर गर्ल्स’ म्हणून ओळखले जाणारे संघ गावोगाव फिरून पुरुषांच्या संघांशी सामने खेळत असत. 1898 मध्ये लिझी आर्लिंग्टन पुरुषांच्या मायनर लीगच्या, म्हणजे दुय्यम स्तरावरील व्यावसायिक लीगच्या, सामन्यात पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी खेळाडू) म्हणून उतरली. 2 एप्रिल 1931 रोजी चॅटनूगा येथे सतरा वर्षांच्या जॅकी मिचेलने बेब रूथ आणि लू गेरिग या नामवंत फलंदाजांना लागोपाठ बाद केले. तो प्रदर्शनीय सामना होता आणि तिच्या संघाचे मालक प्रसिद्धीच्या क्लृप्त्यांसाठी ओळखले जात, त्यामुळे हे दोघे मुद्दाम बाद झाले असावेत अशी शंका आजही घेतली जाते. मुलींना ही शंकाही सांगावी. ती लपवून गोष्ट रंगवणे योग्य नव्हे.

यानंतर सर्वांना खेळपट्टीवर न्यावे. युद्धामुळे पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले तेव्हा शिकागो कब्ज या पुरुषांच्या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिगली यांनी रॉकफर्ड, रसीन, केनोशा आणि साउथ बेंड अशा चार संघांची लीग सुरू केली. पहिल्या वर्षी तिचा खेळ सॉफ्टबॉलच्या जवळचा होता: चेंडूचा घेर 12 इंच, चेंडू खालून टाकायचा, पिचर फलंदाजापासून 40 फुटांवर आणि दोन बेसमधले (धावून गाठायच्या ठिकाणांमधले) अंतर 65 फूट. आपल्या दोन टोकांच्या स्टम्पमधले अंतर 66 फूट असते, म्हणजे एका बेसचे अंतर मुलींसमोर आयतेच आखलेले असते. एका टोकापासून 40 फुटांवर फक्कीची रेघ मारावी आणि एकीला तिथून सॉफ्टबॉल खालून टाकायला सांगावे. मग 60 फुटांवर, म्हणजे पलीकडच्या स्टम्पच्या सहा फूट अलीकडे, दुसरी रेघ मारून तिथून सीझन बॉल हात वर करून फेकायला लावावा. हे 1954 चे अंतर आहे. तेव्हा बेसही 85 फुटांवर गेले होते आणि चेंडू पुरुषांच्या बेसबॉलएवढा, साधारण सीझन बॉलच्या घेराचा झाला होता. या खेळाडूंनी अकरा वर्षांत खेळ किती अवघड पातळीवर नेला, हे दोन रेघांमधली जागा दाखवते.

तिथेच सोफी कुरिस हिच्याविषयी सांगावे. तिने 1946 च्या हंगामात 203 प्रयत्नांत 201 बेस चोरले, म्हणजे चेंडू फटकावला जाण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. खेळाडूंना आखूड स्कर्ट सक्तीचा असल्याने मातीत घसरताना मांड्यांची सालटी निघत, तरी त्या पुढच्या दिवशी खेळत. आठवड्याला 45 ते 85 डॉलर पगार मिळे, सोबत वागण्या-बोलण्याचे नियम आणि देखरेखीला एक बाई असे. 1948 मध्ये 9 लाखांहून अधिक प्रेक्षक आले. 1954 मध्ये पाचच संघ उरले.

सत्रातील सर्वांत जास्त वेळ मात्र या लीगने दार बंद ठेवले त्या खेळाडूंना द्यावा. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे प्रवेश नव्हता. मेमी जॉन्सन निवड चाचणीला गेली तेव्हा तिला परत पाठवण्यात आले. दुसरीकडे, 1952 मध्ये हॅरिसबर्गच्या संघाने एलिनॉर एंगल हिच्याशी करार करताच मायनर लीगमध्ये स्त्रियांच्या करारांवर बंदी आली. ही बंदी निग्रो लीगला, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या व्यावसायिक लीगला, लागू नव्हती. 1953 मध्ये तिथल्या इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाने टोनी स्टोनला सेकंड बेसवर खेळवले. पाठोपाठ जॉन्सन पिचर म्हणून आणि 1954 मध्ये कॉनी मॉर्गन आली. करार कोणी दिला आणि कोणी नाकारला, हे मुलींना फळ्यावर वर्षांसह लिहायला सांगावे.

पुढचा भाग थोडक्यात आटोपता येतो: 1994 ते 1997 पर्यंत खेळलेला कोलोरॅडो सिल्व्हर बुलेट्स हा महिला संघ, आणि 1998 मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात पिचर म्हणून विजय मिळवणारी इला बॉर्डर्स.

जून ते सप्टेंबर या काळात मैदानावर चिखल असेल, तर 40 आणि 60 फुटांच्या रेघा शाळेच्या सभागृहात किंवा लांब व्हरांड्यात आखाव्यात आणि सीझन बॉलऐवजी टेनिस बॉल वापरावा. 1954 च्या बेसच्या अंतराएवढी 85 फुटांची धाव मात्र पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी.