डेंड्रिटिक सेलवर काम करायचंय? आधी सेल ओळखायला शिका

नागपुरात एम.एस्सी. करणारी मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: ताई, कॅन्सर इम्युनोथेरपीत (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवण्याच्या उपचारात) जायचंय, सुरुवात कुठून करू? मी मायक्रोबायोलॉजीतून इकडे आले, डेंड्रिटिक सेल या प्रतिकारशक्तीच्या पेशीवर काम करते. जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये या पेशीची ओळख करून दिली. बिघडलेलं किंवा परकं प्रथिन गिळायचं, त्याचे तुकडे पृष्ठभागावर मांडायचे, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) गाठायचा आणि टी-सेल या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते दाखवायचे, हे तिचं काम. कॅन्सरच्या गाठीत ती सुस्तावते. म्हणून रुग्णाच्या रक्तातून मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घेऊन बाहेर डेंड्रिटिक सेल तयार करायच्या, त्यांना ट्यूमरचं प्रथिन द्यायचं आणि परत टोचायच्या, असा हा सगळा खटाटोप. स्टाइनमन यांनी स्वतःच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरही असे उपचार घेतले. २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले.

आता बेंचवर या. पन्नास मिलिलिटर रक्तातून साधारण पाच ते दहा कोटी मोनोन्यूक्लियर पेशी (एकसंध केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी) निघतात, त्यात मोनोसाइट दहा-वीस टक्के. म्हणजे हाताशी माल थोडाच. रक्तातल्या पेशी वेगळ्या करायला वापरायच्या फायकॉल या द्रवाची १.०७७ ही घनता वीस अंशांना धरलेली असते. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं ‘रूम टेम्परेचर’ मे महिन्यातल्या नागपूरचं नव्हे! बाहेर पंचेचाळीस अंश, त्यात लाइट गेली की खोली तापते, फायकॉल पातळ होतं आणि आपल्याला हव्या त्या पेशी लाल पेशींबरोबर तळाशी जातात. उन्हाळ्यात रक्त सकाळी लवकर घ्या, फायकॉल आणि सेंट्रिफ्यूज दोन्ही वीस अंशांवर आणा, ब्रेक बंद ठेवा. नळी बाहेर काढताना मधलं पांढुरकं कडं हलता कामा नये. हात तिथेच बसतो.

पुढे जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या सायटोकाइनमध्ये (पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांत) पाच-सहा दिवस. तळाला चिकटलेले मोनोसाइट हळूहळू सुटू लागतात, कडांना झिरझिरीत पदर फुटतात. रोज मायक्रोस्कोपखाली बघा, कुणी सांगितलं नाही तरी बघा. मग मॅच्युरेशनचं (सेल पक्व करणारं) मिश्रण घालायचं, आणि खरी परीक्षा इथे असते. पृष्ठभागावरची मोनोसाइटची खूण सीडी१४ उतरली पाहिजे, पक्व सेलच्या खुणा सीडी८३ आणि सीडी८६ चढल्या पाहिजेत. अर्धवट तयार झालेली सेल टी-सेलना लढायला नव्हे, गप्प बसायला शिकवू शकते. म्हणजे ज्यासाठी एवढं केलं त्याच्या नेमकं उलट.

नव्या मुलांना थेट सेलमध्ये बदल करायची घाई असते. इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) एम-आरएनए (प्रथिन बनवायचा निरोप) आत सोडणं, एस-आय-आरएनएने (जीन गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) टी-सेलना रोखणारं पीडी-एल१ हे प्रथिन दाबणं, लिम्फ नोडकडे जायला लागणारा सीसीआर७ हा रिसेप्टर वाढवणं, हे सगळं मलाही मनापासून आवडतं. टोचलेल्या पेशींपैकी फार थोड्या लिम्फ नोडपर्यंत पोचतात, त्यामुळे या कामाची गरजही आहे. पण एम-आरएनए काही दिवसच टिकतो आणि इलेक्ट्रोपोरेशनमध्ये बऱ्याच पेशी मरतात. मुळात कल्चर (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) एकसारखं येत नसेल, तर बदलामुळे फरक पडला की रक्तदाता बदलल्यामुळे, हे सांगणार कसं? आधी वेगवेगळ्या दात्यांच्या रक्तातून सारख्या दर्जाच्या सेल काढून दाखवा.

एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. विदर्भात खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कॅन्सर घरोघरी पोचलाय. ट्यूमरचा तुकडा घ्यायला ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलं की नातेवाईक विचारतात, “मॅडम, हे औषध आमच्या बाबाले लागू पडंन का?” हे संशोधन आहे, याने आज बाबांचा उपचार होणार नाही, असं स्पष्ट सांगा आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. अमेरिकेत २०१० मध्ये प्रोस्टेट कॅन्सरसाठी मान्यता मिळालेल्या प्रोव्हेंज या अशाच, रुग्णाच्याच पेशींपासून केलेल्या उपचारानेही आयुष्य वाढलं ते सरासरी चारेक महिन्यांनी. हा आकडा पाठ असू द्या. खोटी आशा लावणं हा गुन्हाच आहे, असं मी मानते.

तयारीचं म्हणाल तर संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या सीएसआयआर-नेट आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी या दोन्ही परीक्षा द्या, इम्युनॉलॉजी मुळापासून करा. प्रबंध बाहेर करायची मुभा असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) इथे अर्ज टाका. नागपूर सोडणं जमत नसेल तर ल्युकेमियाचं (रक्ताच्या कॅन्सरचं) निदान करणाऱ्या एखाद्या लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी तपासायची पद्धत) शिकून घ्या. गेटिंग (त्या मोजणीतून हव्या त्या पेशी वेगळ्या निवडणं) येणारं माणूस सगळ्यांना हवं असतं. आणि प्रोजेक्टच्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: रक्त कुठून येतं, एथिक्स कमिटीची मंजुरी झाली आहे का, सायटोकाइनसाठी वर्षभराचा पैसा आहे का. यातलं एकही उत्तर धड मिळालं नाही, तर दुसरी लॅब बघा.