व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स बसत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या दुसऱ्या संगणकात, लिनक्स बसवताना काही बिघडलं की बहुतेक जण मशीन डिलीट करून पहिल्यापासून सुरुवात करतात. अर्धा तास जातो आणि तीच अडचण पुन्हा समोर उभी राहते. त्यापेक्षा काम कोणत्या टप्प्यावर अडलं ते बघा. इन्स्टॉलर दिसण्याआधीच अडलं तर बहुधा तुमच्या मूळ संगणकाचं, म्हणजे होस्टचं, काहीतरी राहिलंय. नंतर अडलं तर मशीनच्या सेटिंगकडे वळा. खालचे तपशील विंडोजवरच्या व्हर्च्युअलबॉक्सचे (अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि उबुंटूचे (लिनक्सचा एक प्रकार) आहेत.

मशीन सुरूच होत नाही

नवीन मशीन बनवताना फक्त ३२ बिटचे पर्याय दिसतात, किंवा 'व्हीटी-एक्स' (प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू' निवडा. 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागेल. इंटेलच्या संगणकावर 'व्हीटी-एक्स' किंवा 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' शोधा, एएमडीवर 'एसव्हीएम मोड'.

'एनेबल्ड' असूनही मशीन कासवाच्या गतीने चालतंय? खिडकीच्या तळाच्या पट्टीत बघा, तिथे खरोखरच एक हिरवं कासव बसलेलं असेल. प्रोसेसरची ही सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, आधीच ताब्यात घेतली आहे, असा त्याचा अर्थ. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'हायपर-व्ही', 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' आणि 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' यांच्यासमोरच्या खुणा हटवा. 'विंडोज सिक्युरिटी'च्या 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा आणि रीस्टार्ट करा. पण यामुळे डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बंद पडेल आणि विंडोजचं एक सुरक्षा कवचही जाईल. काम चालण्याइतका वेग मिळत असेल तर कासवाला बसू द्या.

'नो बूटेबल मीडियम' आलं तर मशीनच्या सेटिंगमधल्या 'स्टोरेज'मध्ये आयएसओ, म्हणजे उबुंटूची डाउनलोड केलेली इन्स्टॉलर फाइल, जोडलेली नाही. इन्स्टॉलर मध्येच फाइल वाचता येत नसल्याची तक्रार करत असेल, तर डाउनलोड अर्धवट झालं असण्याची शक्यता मोठी. आयएसओचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून मोजलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) मोजून उबुंटूने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा.

काळा पडदा, कापलेली बटणं

रॅम ४०९६ एमबी, प्रोसेसर २ आणि डिस्क किमान २५ जीबी ठेवा. १० जीबीच्या डिस्कवर इन्स्टॉलर जागा नसल्याचं सांगून थांबतो. डिस्क 'डायनॅमिक' असेल तर २५ जीबी लगेच व्यापली जात नाही, त्यामुळे कंजुषी नको. सेटिंगमधला रॅमचा स्लायडर मात्र हिरव्या भागातच ठेवा. होस्टची रॅम संपली की दोन्हीकडे सगळं गोठतं.

एवढं करूनही पडदा काळाच? मशीन बंद करून 'डिस्प्ले'मध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा, ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' निवडा, थ्रीडी ॲक्सेलरेशन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स'चा पर्याय निवडा.

'नेक्स्ट'चं बटण पडद्याखाली गेलं असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या 'व्ह्यू' मेनूतून व्हर्च्युअल स्क्रीनचं रिझोल्यूशन वाढवा.

रीस्टार्टनंतर

पुन्हा इन्स्टॉलरच उघडला तर घाबरू नका, लिनक्स बहुधा नीट बसलेलं आहे. फक्त आयएसओ ड्राइव्हमध्ये राहिली आहे. मशीन बंद करून 'स्टोरेज'मधून ती काढा.

व्हर्च्युअलबॉक्स ७.० मध्ये एक खोडी आहे. आयएसओ निवडताना 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन'वर खूण केली नाही, तर तो स्वतःच सगळं बसवतो. खातं तयार होतं 'व्हीबॉक्सयूजर' नावाचं, पासवर्ड 'चेंजमी', आणि त्या खात्याला 'सुडो'चा, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा देण्याचा, अधिकार नसतो. उबुंटू २२.०४ मध्ये तर टर्मिनलही उघडेनासं होतं. इथे मात्र मशीन डिलीट करून, ती खूण करून नव्याने बसवणंच सोपं.

शेवटचा अडथळा गेस्ट ॲडिशन्सचा, म्हणजे शेअर्ड फोल्डरसारख्या सोयींसाठी लिनक्समध्ये बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या जोड-सॉफ्टवेअरचा. आधी सगळे अपडेट घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा. ही पायरी गाळली की चालू कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना आणि हेडर्स (त्याला जोडणारे भाग बनवायला लागणाऱ्या फाइली) नव्या कर्नलचे, अशी विसंगती होते आणि गेस्ट ॲडिशन्सचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे भाग, तयार होत नाहीत. मग 'बिल्ड-इसेन्शियल' व 'डीकेएमएस' ही हे भाग बनवणारी पॅकेजेस आणि चालू कर्नलचे हेडर्स बसवा, त्यानंतरच 'डिव्हायसेस' मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला. होस्टबरोबरचा शेअर्ड फोल्डर दिसतो पण 'परमिशन डिनाइड' म्हणतो, तेव्हा तुमचं खातं 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घालायचं राहिलेलं असतं. ते घातल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा, तोवर जुनाच संदेश येत राहतो.