वाचनकक्षात छायाचित्रे घेताना: स्कॅनिंगच्या ॲपपासून सावध राहा

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात हस्तलिखिते, पत्रव्यवहार किंवा जुन्या नियतकालिकांची छायाचित्रे घ्यायला जाताना फ्लॅश बंद ठेवावा, फोनचा आवाज बंद करावा आणि परवानगीचा अर्ज आधी भरून द्यावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. नसले तरी तिथले कर्मचारी ते सांगतातच. नियमावलीत जे लिहिलेले नसते आणि ज्यामुळे मला बरेच काम दुसऱ्यांदा करावे लागले, ते म्हणजे फोनमधले स्कॅनिंगचे ॲप. नवीन संशोधकाने ते वाचनकक्षात उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे ॲप कागदाच्या कडा ओळखून बाहेरचा भाग कापून टाकते, वाकलेले पान सरळ करते आणि अक्षर ठळक दिसावे म्हणून पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करते. बिल किंवा पावतीसाठी ही सोय उत्तम आहे. जुन्या दस्तऐवजात मात्र नेमकी कामाची माहिती कडेला आणि फिकट असते: कोपऱ्यात शिसपेन्सिलीने घातलेला क्रमांक, समासातली आवक तारीख, शिक्क्याची अर्धवट उमटलेली कड, मागाहून वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती. ॲपच्या लेखी हे सगळे डागच असतात. ते पुसले गेल्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण जे पान उरते ते मुळापेक्षा सुबक दिसते.

त्यातही पेन्सिलीचा क्रमांक गेला तर फार महागात पडते. एका बाडात, म्हणजे एकत्र बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, पुष्कळ पत्रे असतात आणि प्रत्येक पत्राचे मूळ पृष्ठांक पुन्हा एकपासून सुरू होतात. बाडभर सलग जाणारा क्रमांक संग्रहाने नंतर घातलेला असतो, आणि तळटीपेत बहुधा तोच द्यावा लागतो. तो बऱ्याचदा पानाला, म्हणजे अख्ख्या कागदाला एकच असतो, त्याच्या प्रत्येक बाजूला, म्हणजे पृष्ठाला नसतो. त्यामुळे मागच्या बाजूचे छायाचित्र वेगळे पडले की ती बाजू कोणत्या पानाची, हे नुसत्या मजकुरावरून ठरवणे कठीण होते. प्रबंधाचे प्रकरण लिहून झाल्यावर हे लक्षात आले, तर एका अंकासाठी ते बाड पुन्हा मागवावे लागते.

यंत्राने सुधारलेले पान किती फसवे असू शकते, याचा पुरावा २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी समोर आणला होता. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर बांधकामाचा आराखडा स्कॅन केला असता खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडे बदलत होते, कारण फाइल लहान करताना सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवला जात होता. अक्षरे अजिबात पुसट झाली नव्हती, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. फोनमधले प्रत्येक ॲप हीच पद्धत वापरते असे मी म्हणत नाही. मात्र ज्या प्रतीवर आपला युक्तिवाद उभा राहणार आहे, ती अशा सफाईतून गेलेली नसावी.

म्हणून फोनचा साधा कॅमेरा वापरा. चारी बाजूंना बोटभर टेबल दिसेल एवढी जागा सोडा आणि संग्रहाचे नाव व बाडाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक छायाचित्रात येऊ द्या. फक्त पहिल्या पानाला चिठ्ठी ठेवून पुढे क्रमाने काढत जाण्याची युक्ती अनेक जण सांगतात. एखादे छायाचित्र त्या क्रमातून बाहेर पडले की ती युक्ती निकामी होते. कागदाची मागची बाजू कोरी असली तरी तीही टिपा. एवढे सगळे करण्यात दिवस संपेल अशी भीती सुरुवातीला वाटते, पण हात बसला की चिठ्ठी सरकवणे आणि पान उलटणे एकाच लयीत होऊ लागते, तेव्हा पहिल्या तासाच्या संथपणाने खचून जाऊ नका.

डोक्यावरच्या दिव्यामुळे फोनची सावली पानावर पडत असेल तर कागद न ओढता स्वतःची बाजू बदला. जाड बांधणीचे पुस्तक सपाट व्हावे म्हणून दाबू नका. आधाराला फोमची उशी मागा, ती मागण्यात कमीपणा नाही. साहित्य परत करण्यापूर्वी काही छायाचित्रे मोठी करून पाहा, कारण छोट्या पडद्यावर हललेले छायाचित्रही नीटच दिसते.

‘आत्ता सगळे टिपून घ्या, वाचायचे ते घरी’ हा सल्ला मार्गदर्शक फार सहजपणे देतात. मला तो अर्धाच पटतो. न वाचता घेतलेल्या छायाचित्रांचा ढीग पुढे उघडवत नाही, आणि त्यातले काय कशासाठी घेतले होते हेही आठवत नाही. म्हणून प्रत्येक बाडामागे वहीत दोन ओळी तरी लिहाव्यात. मात्र लांबून आला असाल आणि हाताशी वेळ थोडा असेल, तर खुशाल सगळे टिपून घ्या आणि त्याची खंत बाळगू नका.

त्याच संध्याकाळी छायाचित्रे संगणकावर घेऊन बाडवार फोल्डर करा आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. २०१७ पासून उपलब्ध असलेले ट्रॉपी हे मोफत सॉफ्टवेअर अशाच कामासाठी बनवलेले आहे. एका पत्राची अनेक छायाचित्रे त्यात एकत्र बांधून त्यांवर टिपणे लिहिता येतात. स्वतःलाच संदेशाच्या ॲपवर छायाचित्रे पाठवणे हा आणखी एक घातक शॉर्टकट आहे, कारण त्यात चित्र आकसते आणि टिपल्याची वेळही बहुधा निघून जाते.

छायाचित्र घेण्याची परवानगी म्हणजे ते छापण्याची परवानगी नव्हे. एखादे पान लेखात चित्र म्हणून वापरायचे असेल, तर त्यासाठीचा अर्ज आणि चांगल्या दर्जाच्या प्रतीसाठीचे शुल्क यांची चौकशी ते बाड टेबलावर असतानाच करा, म्हणजे नेमके कोणते पान हवे ते बोट ठेवून दाखवता येते.