डायव्हिंगचं सामान घेऊन बोटीवर जाताना: आधी केबिन बॅग भरा

मालदीवच्या लाइव्हअबोर्डवर, म्हणजे आठवडाभर राहून डायव्हिंग करायच्या बोटीवर, पहिल्यांदा जाणारे सगळे एकच विचारतात: वीस किलोत सामान कसं बसवायचं? वीस किलोत ते आरामात बसतं. विचारायला हवं ते वेगळंच: मोठी बॅग आलीच नाही तर?

तारकर्लीला किंवा अंदमानात बॅग उशिरा आली तर एखादा दिवस जातो, बॅग खोलीवर पोचते. लाइव्हअबोर्डचं तसं नाही. हुलहुमालेजवळ नांगरलेली बोट दुपारी निघते ती थेट वर्तुळाकार प्रवाळबेटांकडे, वावू किंवा आरी अ‍ॅटॉलकडे. आठवडाभर राहणं, जेवणं आणि रोज तीन डाइव्ह तिथूनच. एका बॅगेसाठी ती मागे फिरत नाही.

माझ्या दुसऱ्या ट्रिपला मुंबईहून मालेला जाताना मध्ये विमान बदलायचं होतं. वेटसूट मऊ असतो, नाजूक वस्तू त्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, असा सल्ला सगळीकडे वाचला होता. मी रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण), मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर सगळं तसंच ठेवलं. मी मालेला पोचले, बॅग मागे राहिली. बोटीवर रेग्युलेटर मिळाला, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, मिळाली, फिन्सही मिळाले. पण माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे आणि नंबरच्या काचांचा मास्क त्या बॅगेत होता. माया थिला या पाण्याखालच्या खडकावर रात्रीच्या डाइव्हला बाकीचे व्हाइटटिप शार्क मोजत होते आणि मला फक्त टॉर्चच्या उजेडात हलणारे करडे पट्टे दिसत होते. सहा दिवस असेच गेले. इतके पैसे आणि इतकी रजा खर्चून मी समुद्र धूसर पाहिला, याचं दुःख अजून आहे. म्हणून तो वेटसूटचा सल्ला कोणी दिला की मला राग येतो.

तेव्हापासून मी केबिन बॅग आधी भरते आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: ही बोटीवर उसनी मिळेल का, आणि मिळाली तर माझ्या मापाची असेल का? मास्क नाही, म्हणून तो कडक डब्यात घालून माझ्याजवळ. कॉम्प्युटरही जवळच. तो शरीरातल्या नायट्रोजनचा हिशोब पहिल्या डाइव्हपासून ठेवतो. तिसऱ्या दिवशी दुसरा बांधला तर त्या नव्या कॉम्प्युटरला आधीच्या डाइव्ह माहीतच नसतात. रेग्युलेटर उसना मिळतो, पण ज्यातून श्वास घ्यायचा ती वस्तू मला ओळखीची लागते. ऑक्टोपस (श्वास घ्यायचं जादा तोंड) आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजसकट त्याचं वजन अडीच-तीन किलो. नळ्या सैल वेटोळ्यात ठेवा, मुरड पडू देऊ नका, फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, टोपी कोरडी करून घट्ट बसवा. सिलिंडरला आट्यांनी बसणारं डिन फिटिंग असेल तर वरून चिमटणाऱ्या योकचं अ‍ॅडाप्टर बरोबर घ्या.

यात एक पोहण्याचा पोशाख, रॅशगार्ड, रोजची औषधं, सर्टिफिकेशन कार्ड, डायव्हिंगचा विमा आणि एसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा नारंगी फुगा, एवढं घातलं तरी सात किलोच्या आत राहतं. फुगा स्वतःचाच हवा. कांडूत, म्हणजे अ‍ॅटॉलच्या कडेच्या खिंडीत, करंट जोरात असतो आणि वर आल्यावर धोणीला, म्हणजे डायव्हर्सना ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीला, तुम्ही त्या फुग्यामुळेच दिसता.

सुरक्षा तपासणीला रेग्युलेटर आपणहून बाहेर काढा आणि ट्रेमध्ये ठेवा. ‘पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण आहे’ एवढं सांगितलं की पुरतं. बॅगेच्या तळाशी दडवलेल्या धातूच्या गोळ्याने आणि नळ्यांनी मात्र उगाच शंका येते. चाकू, कटर आणि करंटमध्ये खडकाला अडकवायचा रीफ हुक मोठ्या बॅगेत.

बॅटऱ्यांबाबत हयगय नको. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत चालतात, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्रत्येकी वेगळ्या डबीत. टॉर्चमधून बॅटरी काढूनच टॉर्च बॅगेत टाका. डाइव्ह टॉर्च पाण्यात गार राहावा असा बनवलेला असतो. कपड्यांत दाबून चालू झाला तर जाळतो. मर्यादा १०० वॉट-अवरची. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर असा सरळ गुणाकार करा. साधी १८६५० सेल अकरा-बारा वॉट-अवरच्या आसपास असते, तिची काळजी नाही. पण १४.८ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-अवरचा व्हिडिओ लाइटचा पॅक १००.६ वर जातो. १०० ते १६० मधल्या सुट्या पॅकना विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि तेही दोनच नेता येतात. हा हिशोब घरी करा.

मोठ्या बॅगेत उरलं ते: बीसीडी, फिन्स, वेटसूट. पाणी २७ ते ३० अंश असतं, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. बॅग मऊ, घडी होणारी घ्या. बोटीच्या खोलीत कडक सूटकेसला जागा नसते. शिशाची वजनं बोटीवर असतात, नेऊ नका.

बोटीवर सामान एकदाच लावायचं. मालदीवमध्ये ते आठवडाभर धोणीवर, आपापल्या सिलिंडरशीच राहतं. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेत असाल तर प्रत्येक सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा. ३२ टक्क्यांना, ऑक्सिजनचा दाब १.४ बारपर्यंत या हिशोबाने, ३३ मीटर खोली मिळते, पण मालदीवमध्ये मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची मर्यादा ३० मीटर आहे.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर २४ तासांनी ठेवा. अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबण्याचा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे, बहुतेक बोटी २४ पाळतात. या वेळात सगळं गोड्या पाण्यातून काढून डेकवर वाळू द्या. ओला वेटसूट बराच जड भरतो आणि ते वजन काउंटरवर पैसे मागतं. डेकवर वेळ मिळाला नाही तर निदान फिन्स आणि बीसीडी आधी वाळवा, ओला सूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मास्क, कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर परतीलाही केबिन बॅगेतच. घरी आल्यावर बीसीडीच्या आत गोडं पाणी भरून हलवा, सगळ्या व्हॉल्व्हमधून काढून टाका आणि अर्धी फुगवून सावलीत टांगा.