अनोळखी माणसाला प्रश्न कसा विचारावा : तंत्रनिकेतनाच्या वर्गात समाजमाध्यमे शिकवताना

पदविकेच्या शेवटच्या वर्षात प्लेसमेंट विभागाची सूचना येते, सगळा वर्ग एका संध्याकाळी लिंक्डइनवर खाते उघडतो, एकमेकांच्या प्रोफाइलवरचा मजकूर उतरवून घेतो आणि नंतर महिनोन्‌महिने तिकडे फिरकत नाही. तंत्रनिकेतनात शिकवताना हे चित्र मी दरवर्षी पाहत आलो आहे. यात मुलांचा दोष नाही. दिवसरात्र मोबाइल हाताळणाऱ्यांना समाजमाध्यमे वापरायला वेगळे काय शिकवायचे, असे आपण शिक्षक गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनोळखी माणसाला प्रश्न कसा विचारावा, हे त्यांना घरी किंवा शाळेत कुणीच शिकवलेले नसते. पुढील पद्धत याच एका कौशल्याभोवती बेतलेली आहे. ती पाच-सहा तासिकांत बसते. मी ती मेकॅनिकलच्या वर्गात वापरतो. इतर शाखांसाठी उदाहरणे तेवढी बदलावी लागतील.

सुरुवात दुसऱ्या वर्षात करावी. दहावीनंतर थेट आलेली मुले पहिल्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांची असतात आणि लिंक्डइनची किमान वयोमर्यादा १६ वर्षे आहे. शिवाय दुसऱ्या वर्षापर्यंत एखादे मॉडेल, एखादी कार्यशाळा हातून झालेली असते, त्यामुळे स्वतःबद्दल सांगण्यासारखे काहीतरी गाठीशी असते.

पहिल्या तासिकेत कुणालाही खाते उघडायला लावू नये. नोकरीची माहिती देणारी एखादी पोस्ट पडद्यावर दाखवावी आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया वर्गाला वाचायला सांगाव्यात. नाव आणि नंबर मात्र आधी झाकून घ्यावेत. ‘इंटरेस्टेड सर’ असे लिहून खाली मोबाइल नंबर देणारे शेकडो उमेदवार तिथे भेटतात. बायोडेटाच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, तेव्हा त्यांत जन्मतारीख, वडिलांचे नाव, घरचा पूर्ण पत्ता आणि कित्येकदा आधार क्रमांकही असतो. पोस्टमध्ये अर्जाची लिंक किंवा ईमेल दिलेला असेल तर निवड तिथूनच होते. प्रतिक्रियांमधला नंबर उपयोगी पडतो तो फसवणूक करणाऱ्यांना. नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची फी, लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले गेले की संभाषण तिथेच थांबवायचे, हा नियम वहीत लिहून घ्यावा. टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा’ म्हणत आधी थोडी रक्कम देणाऱ्या आणि मग मोठी रक्कम भरायला लावणाऱ्या टोळ्यांची कार्यपद्धती टप्प्याटप्प्याने समजावून सांगावी. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट मी दर सत्रात पुन्हा सांगतो.

दुसरी तासिका वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी ठेवावी. ‘तिसरे गणित कुणाला आले का?’ हा प्रश्न नव्हे, हे मुलांना पटवून द्यावे. आपण कोणत्या पायरीपर्यंत पोहोचलो, उत्तर काय आले आणि कुठे अडलो, या तीन गोष्टी लिहिल्या की उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम हलके होते. ही सवय वर्गातच लागली पाहिजे, कारण पुढे अनोळखी माणसाला लिहिताना तिचाच उपयोग होणार आहे.

आता मुख्य भागाकडे येऊ. बाहेरच्या माणसांशी ओळख का जोडायची, हे सांगताना मी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या १९७३ सालच्या निबंधाचा आधार घेतो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, तेव्हा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. हे ऐकल्यावर, ‘आमच्या ओळखी नाहीत’ असे म्हणणारी खेड्यातली मुले सावरून बसतात, कारण अशी पुसट ओळख प्रयत्नाने जोडता येते.

प्रत्येकाने आपल्याच संस्थेतून चार-पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला एक माजी विद्यार्थी शोधावा आणि त्याला लिहायच्या संदेशाचा मसुदा वहीत करावा. पहिला मसुदा बहुधा असा येतो : ‘नमस्कार सर, मी डिप्लोमा फायनल इयरला आहे. जॉब असेल तर कळवा.’ याला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला करता येण्याजोगे त्यात काहीच नसते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तीन वेळा खोडून शेवटी पुढीलप्रमाणे लिहिले : ‘नमस्कार सर. मी आपल्याच तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आपण सीएनसी प्रोग्रामिंगकडून गुणवत्ता विभागाकडे वळलात, हे प्रोफाइलवर वाचले. मला मोजमापाच्या कामात गोडी आहे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर नीट हाताळता येतात, पण सीएमएम यंत्र अजून पाहिलेले नाही. गुणवत्ता विभागात येण्यापूर्वी एकच गोष्ट शिकून घ्यायची असेल तर ती कोणती, एवढे सवडीने सांगाल का?’

(सीएनसी म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारी यंत्रे आणि सीएमएम म्हणजे तयार भागाची मापे अचूक घेणारे यंत्र.) उत्तर चौथ्या दिवशी आले. ड्रॉइंगवरची भौमितिक टॉलरन्सची चिन्हे, म्हणजे भागाच्या आकारात किती फरक चालेल हे दाखवणाऱ्या खुणा, वाचायला शीक, असा सल्ला त्यात होता. हा संदेश वर्गात वाचून घ्यावा आणि नेमके काय साधले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे : समोरच्याची माहिती वाचल्याची खूण आहे, स्वतःला काय येते आणि काय येत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले आहे, आणि प्रश्न दोन मिनिटांत उत्तर देता येईल इतका लहान आहे. लिंक्डइनवर विनंतीसोबतची चिठ्ठी थोडक्या अक्षरांत बसवावी लागते, म्हणून आधी ओळखीपुरती एक ओळ पाठवून विनंती स्वीकारली गेल्यावर पूर्ण संदेश पाठवावा. समोरची व्यक्ती मराठी असेल तर मराठीत लिहायला मुळीच कचरू नये. उसन्या इंग्रजीपेक्षा नेमके मराठी अधिक भरवशाचे वाटते, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्र आठवण द्यावी आणि तिथे विषय सोडावा.

मुलींसाठी आणि खरे तर सर्वांसाठीच एक मर्यादा आधी ठरवून द्यावी : नंबर द्यायचा नाही आणि बोलणे त्याच माध्यमावर ठेवायचे. संभाषण कामापासून ढळले तर ते तोडून, स्क्रीनशॉटसह शिक्षकांना सांगायचे. त्याबद्दल आपल्याला कुणी बोल लावणार नाही, ही खात्री शिक्षकाने आधीच शब्दांत द्यावी लागते.

पोस्ट लिहिण्याला एक तासिका पुरते. ‘मला सांगताना अत्यंत आनंद होत आहे’ या साच्याऐवजी, स्वतः केलेल्या कामाचा एक फोटो आणि त्यात काय चुकले, मग ते कसे दुरुस्त केले, याची चार वाक्ये लिहून घ्यावीत. औद्योगिक प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी मात्र सक्त ताकीद द्यावी. शॉप फ्लोअरवर काढलेल्या सेल्फीत मागच्या टेबलावरचे ड्रॉइंग दिसते, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये ग्राहक कंपनीचे नाव आणि पार्ट नंबर असतो, आणि तेवढ्यावरून गोपनीयतेचा भंग होऊन प्रशिक्षण संपुष्टात येऊ शकते. सुपरवायझरची लेखी परवानगी असेल तरच फोटो काढावा.

सत्राच्या शेवटी गुण देताना कनेक्शनची संख्या मी पाहत नाही. जर्नलच्या मागच्या पानांवर प्रत्येकाने चार रकाने आखलेले असतात : कुणाला विचारले, काय उत्तर आले, त्यातले प्रत्यक्ष काय केले आणि केल्यावर त्या व्यक्तीला कळवले का. शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो. तो भरल्याशिवाय मी जर्नलवर सही करत नाही. त्या विद्यार्थिनीने टॉलरन्सची चिन्हे शिकून आपल्या प्रकल्पाच्या ड्रॉइंगवर वापरली आणि ते ड्रॉइंग त्या माजी विद्यार्थ्याला पाठवले, तेव्हा त्याने त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून ते परत पाठवले होते.